जुना कॅल्क्युलेटर: मिळवणे, उघडणे आणि त्याचे गणित जपणे

विदर्भाच्या ग्रामीण भागात जुने हातातले कॅल्क्युलेटर शोधायचे असतील, तर सुरुवात कबाड्याच्या दुकानापासून करू नये. तिथे यंत्र पोहोचते तेव्हा सेलचे झाकण बहुधा हरवलेले असते आणि ते कोणाचे होते हे सांगणारेही कोणी उरलेले नसते. त्याऐवजी हिंगणघाट, आर्वी, वणी, पांढरकवडा यांसारख्या कापसाच्या गावांतील जिनिंगच्या जुन्या कचेऱ्या, बाजार समितीच्या आवारातील अडत्यांची दुकाने, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्यांची घरे आणि चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळसा खाणींत मोजणीचे काम केलेल्या लोकांची कपाटे पाहावीत. राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली ते १९७२ हेच वर्ष जगात खिशात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरचेही ठरले. अमेरिकेत ३९५ डॉलर किमतीचे एचपी-३५ हे हातात धरता येणारे पहिले वैज्ञानिक यंत्र बाजारात आले, तर जपानमध्ये १२,८०० येनला मिळणाऱ्या सहा अंकी कॅसिओ मिनीने सामान्य ग्राहकाला कॅल्क्युलेटर परवडेल असे दाखवून दिले. आपल्या भागात अशी यंत्रे उशिरा आणि थोड्याच हातांत आली; पण ज्यांच्याकडे आली त्यांनी ती सहसा फेकली नाहीत.

मागताना घाई करू नये. "काकाजी, तुमच्याकडं तो जुना कॅल्क्युलेटर अजून आहे का? कोणत्या कामाला वापरत होते तुम्ही?" असे विचारले की यंत्राच्या आधी माहिती मिळते, आणि माझ्या मते संग्रहात तीच अधिक मोलाची असते. कापसाच्या चुकाऱ्याचा हिशेब, कालव्याच्या मातीकामाचे घनफळ, सोसायटीच्या कर्जाचे व्याज, यांपैकी काय त्यावर होत असे हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. सोबत माहितीपुस्तिका, चार्जर आणि खोळ यांचीही चौकशी करावी. मालकाला यंत्र द्यायचे नसेल तर फोटो आणि नोंद घेऊन परत यावे. नोंद झालेले यंत्र त्याच्याच घरी राहिले तरी संग्रहाचे काम अर्धे झालेले असते.

यंत्राचे वय ओळखणे अवघड नाही. काळ्या खिडकीत बारीक भिंगांखाली लाल अंक दिसणार असतील तर तो एलईडीचा काळ, म्हणजे साधारणपणे १९७० चे दशक. अंक हिरवट-निळे असून काचेच्या नळीत उमटत असतील तर ती व्हीएफडी नळी होय. करड्या किंवा पिवळसर काचेवर काळे अंक असतील तर ते एलसीडी असते. शार्पच्या १९७३ सालच्या ईएल-८०५ या यंत्रापासून खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये एलसीडी रुळू लागली. आतल्या चिपवर चार अंकी तारीख असते: ७८२३ म्हणजे १९७८ सालचा २३ वा आठवडा. जुन्या एचपी यंत्रांच्या अनुक्रमांकातील पहिल्या दोन आकड्यांत ६० मिळवले की वर्ष मिळते, पुढचे दोन आकडे आठवडा सांगतात आणि नंतरचे अक्षर देश, म्हणजे ए असेल तर अमेरिका आणि एस असेल तर सिंगापूर. अर्थात दुर्मीळ यंत्रामागे धावण्यापेक्षा, ज्या कॅसिओ एफएक्स-३६००पी सारख्या यंत्रांवर इथल्या अभियंत्यांनी ३८ पायऱ्यांचे छोटे प्रोग्रॅम बसवून कामे उरकली, ती आधी जमवावीत असे मला वाटते.

यंत्र हाती आल्यावर त्यात लगेच नवे सेल घालून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. प्रथम सेलचा कप्पा उघडून पाहावा. सेल गळलेला असेल तर पत्र्यांवर पांढरा किंवा हिरवट थर दिसतो, आणि तो कशाचा आहे यावर उपाय ठरतो. निकेल-कॅडमियम आणि अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा अल्क बाहेर येतो, तर आपल्याकडे रेडिओ आणि टॉर्चमध्ये वापरले जाणारे साधे झिंक-कार्बन सेल गळले की बाहेर येणारा द्रव आम्लधर्मी असतो. त्यामुळे सगळीकडे सांगितला जाणारा व्हिनेगरचा उपाय दुसऱ्या प्रकाराला लागू पडत नाही. ओळखण्याची सोपी युक्ती स्वयंपाकघरात आहे. कागदाच्या पट्टीला हळदीचे पाणी लावून ती वाळवावी, थरावर इन्व्हर्टरसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब टाकावा आणि पट्टी त्याला टेकवावी. पट्टी लालसर तपकिरी झाली तर तो अल्क आहे, म्हणून कापसाच्या बोळ्याने अगदी थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावावा. पिवळीच राहिली तर खाण्याच्या सोड्याचे पातळ पाणी वापरावे. दोन्ही वेळी नंतर डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. हे करताना हातमोजे घालावेत, कारण कॅडमियम विषारी आहे. तसले जुने सेल उकिरड्यावर टाकू नयेत आणि चुलीत तर कधीच टाकू नयेत. पत्र्याचा मुलामा गेलेला असेल तर त्यावर डाखाचा (सोल्डरचा) अगदी पातळ थर चढवला की पुन्हा चांगला संपर्क मिळतो.

यंत्र उघडताना या भागातल्या हवेचा विचार करणे आवश्यक आहे. फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत इथली हवा इतकी कोरडी असते की नायलॉनच्या कपड्यांवर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सहज स्थिर विद्युत साठते, आणि जुन्या चिपा त्या एका झटक्याने निकामी होऊ शकतात. अंगात सुती कपडे असावेत, मनगटाला अर्थिंगचा पट्टा असावा, आणि उन्हाळ्यात चिपेला हात लावण्याचे काम शक्यतो टाळून ते पावसाळ्यासाठी राखून ठेवावे. स्क्रू काढताना ते कागदावर यंत्राची आकृती काढून त्या त्या जागी ठेवावेत, कारण त्यांची लांबी अनेकदा वेगवेगळी असते. काही स्क्रू मागच्या लेबलाखाली किंवा रबरी पायांखाली दडलेले असतात. लेबल हलके गरम करून सोडवावे.

एलसीडी यंत्रात काच आणि सर्किट यांच्यामध्ये बहुधा काळ्या-पांढऱ्या थरांची रबरी पट्टी असते, जिला दुरुस्ती करणारे झेब्रा पट्टी म्हणतात. अंकांच्या रेघा गायब होण्याचे कारण फार वेळा एवढेच असते की ही पट्टी मळली आहे किंवा सरकली आहे. ती चिमट्याने उचलावी, अल्कोहोलने पुसावी आणि पूर्वीच्याच बाजूने बसवावी. मात्र काचेला पातळ फिल्मची पट्टी उष्णतेने चिकटवलेली असेल तर ती सोडवू नये, कारण ती घरी पुन्हा बसवणे जवळपास अशक्य आहे. बटणांखालच्या कार्बनच्या रेघा अल्कोहोलने अलगद पुसाव्यात. थिनर, पेट्रोल किंवा नखांचा रंग काढायचा द्रव यंत्राच्या जवळही आणू नये, त्याने कार्बनची शाई आणि खोके दोन्ही विरघळतात. जिनिंगमधून आलेल्या यंत्रांत बटणांच्या फटींतून आत गेलेले कापसाचे तंतू ओलावा धरून ठेवतात. ते मऊ कोरड्या ब्रशने बाहेर ओढावेत, फुंकर मारू नये.

वीज देण्याची वेळ आली की तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट चार्जर: अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेल्या यंत्राचा चार्जर ११० व्होल्टचा असू शकतो, आणि आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात तो क्षणात जळतो. जपानी अडॅप्टरमध्ये पिनचे मध्य टोक अनेकदा ऋण असते, त्यामुळे बाजारातला कोणताही अडॅप्टर लावण्याआधी खोक्यावरची खूण आणि मल्टिमीटर दोन्ही पाहावीत. दुसरी गोष्ट सेलचा दाब: निकेल-कॅडमियमच्या जागी निकेल-मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे सेल बसवावेत, १.५ व्होल्टचे नाहीत, आणि ते यंत्राबाहेर वेगळ्या चार्जरवर भरावेत. १९७५ सालच्या एचपी-२१ आणि एचपी-२५ यांच्या मालिकेत तर हा नियम मोडूच नये, कारण आत चांगले सेल नसताना चार्जर जोडला की आतल्या चिपा जळतात. तिसरी गोष्ट प्रवाह: बटण सेलवर चालणारे एलसीडी यंत्र एक मिलिअँपिअरपेक्षाही खूप कमी प्रवाह घेते, म्हणून पहिल्यांदा चालू करताना सेलसोबत १०० ओहमचा रोध (रेझिस्टर) जोडावा आणि मीटरवर नजर ठेवावी. लाल अंकांचे यंत्र मात्र अनेक पटींनी जास्त प्रवाह घेते. तिथे तो रोध लावला तर चांगले यंत्रही बिघडल्यासारखे दिसेल.

पिवळे पडलेले प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरे करण्याची पद्धत बरीच प्रसिद्ध आहे. मी ती इथे सुचवणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्या उन्हात पातळ खोके वाकते, शिवाय पिवळेपणा काही काळाने परतही येऊ शकतो. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मळ काढला की पुरे. साठवणुकीसाठी टिनाच्या छपराखालची खोली टाळावी. उष्णतेने एलसीडी काळी पडते आणि थंड झाल्यावर पूर्ववत होते हे खरे, पण वर्षानुवर्षे उष्णता आणि ओल सोसल्यावर तिच्यावरची ध्रुवीकरणाची फिल्म विरते आणि अंक कायमचे पुसट होतात. जाड भिंतींच्या आतल्या खोलीत, सेल काढून, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह यंत्र ठेवावे. मूळची रेक्झिनची खोळ जपावी, पण यंत्र तिच्यात ठेवू नये. तिच्यातून सुटणारा तेलकट पदार्थ प्लॅस्टिकला चिकट करतो.

इतके करूनही चिप कधीतरी निकामी होणारच, आणि तशी नवी चिप आता कोणी बनवत नाही. म्हणून यंत्राचे गणित कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर जिवंत ठेवणे हा संग्रहाचाच भाग मानला पाहिजे. याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील फरक नीट समजून घ्यावा. थॉमस ओक्केन यांचा फ्री४२ हा प्रोग्रॅम १९८८ सालच्या एचपी-४२एस सारखा वागतो, पण त्यात मूळ यंत्राची आज्ञावली, म्हणजे चिपेत साठवलेल्या सूचना, नाही. तो नव्याने लिहिलेला आहे आणि मूळ यंत्रापेक्षा जास्त अंकांपर्यंत अचूक उत्तर देतो. रोजच्या कामाला तो उत्तम आहे, मोबाइलवर चालतो, आणि एचपीच्या उलट्या पद्धतीची, म्हणजे आधी संख्या आणि मग क्रिया देण्याची, सवय करून घ्यायला त्याच्यासारखे साधन नाही. एरिक स्मिथ यांचा नॉनपॅरेल आणि मेम हा मोठा प्रकल्प मात्र चिपेतून वाचलेली मूळ आज्ञावली पायरी-पायरीने चालवतात. २.०२ चा नैसर्गिक लॉग काढून लगेच ई (e) या स्थिरांकाचा तितकाच घात घेतला तर पुन्हा २.०२ यायला हवे. सुरुवातीच्या एचपी-३५ यंत्रांत तिथे २ येत असे. ती मूळ आज्ञावली चालवणारा इम्युलेटर, म्हणजे यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅमही, २ च दाखवतो, आणि जतनाच्या दृष्टीने तेच बरोबर उत्तर आहे. केन शिरिफ यांनी १९७४ सालच्या सिंक्लेअर सायंटिफिकची चिप उकलून दाखवली तेव्हा अवघ्या ३२० आज्ञांत सगळे वैज्ञानिक गणित बसवलेले आढळले; त्या यंत्राची ढोबळ उत्तरे का येतात हे त्या आज्ञा पाहिल्यावरच कळते. आज्ञावलीवर कंपनीचा हक्क असू शकतो, तेव्हा ती मिळवताना परवानगीची खात्री करून घ्यावी.

आपल्या गावात सापडलेल्या साध्या यंत्राची आज्ञावली कोणी वाचलेली नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा त्याचे वागणे आपणच टिपावे. १ ला ३ ने भागून ३ ने गुणावे आणि उत्तर १ येते की ०.९९९९९९९ हे लिहावे. २ भागिले ३ केल्यावर शेवटचा अंक ६ आहे की ७ हे पाहावे, म्हणजे यंत्र उरलेले अंक छाटते की पूर्णांकन करते हे कळते. दहा अंकी वैज्ञानिक यंत्रात पाय (π) या संख्येतून ३.१४१५९२६५४ वजा करावेत: उत्तर शून्य नसेल तर आत लपलेले जादा अंक आहेत. अंशांच्या मोडमध्ये ९ चा साइन, त्याचा कोसाइन, त्याचा टॅन आणि मग त्याच क्रमाने उलटे फिरत व्यस्त टॅन, व्यस्त कोसाइन, व्यस्त साइन काढल्यास गणिताने ९ यायला हवेत. १९८२ सालचे एचपी-१५सी तिथे ९.०००४१७४०३ दाखवते, आणि हे शेवटचे अंक यंत्राच्या आतली रीत ओळखायला फार उपयोगी पडतात.

व्यापाऱ्याच्या यंत्रात टक्क्याचे बटण अवश्य तपासावे. ४८० अधिक २५ टक्के केल्यावर काही यंत्रे ६०० दाखवतात, तर कॅसिओची अनेक साधी यंत्रे ६४० दाखवतात, कारण ती नफा विक्रीच्या किमतीवर मोजतात. जुन्या वहीतले आकडे जुळत नसतील तर त्यामागे हे बटणही असू शकते, म्हणून अडत्याच्या घरच्यांना ते कोणत्या क्रमाने दाबत असत हेही विचारावे. प्रोग्रॅम लिहिताना संख्या कॉम्प्युटरच्या नेहमीच्या द्विमान (बायनरी) प्रकारात ठेवू नयेत. पायथनमधील डेसिमलसारखा दशमान प्रकार घ्यावा, अंकांची मर्यादा यंत्राइतकीच ठेवावी आणि छाटणारे यंत्र असेल तर छाटणीच करावी. मग वहीतली प्रत्येक चाचणी प्रोग्रॅमवर चालवून पाहावी, आणि जिथे उत्तर वेगळे येईल तिथे प्रोग्रॅम बदलावा, वहीतली नोंद बदलू नये.