ग्रुपची झोटेरो लायब्ररी उघडण्याआधी

झोटेरो म्हणजे संशोधन-लेखांच्या नोंदी साठवायचं आणि लिहिताना त्यांचे संदर्भ घालायचं सॉफ्टवेअर; त्यातला ग्रुप म्हणजे अनेकांची सामाईक लायब्ररी. आधी ग्रुप कोणाच्या खात्यावर उघडायचा ते ठरवा. ग्रुपमधल्या फाइली मालकाच्या खात्यातली जागा खातात आणि फुकटात मिळते ती फक्त ३०० एमबी. आकृत्यांनी भरलेल्या पीडीएफ असल्या तर ती बघता बघता संपते. त्यामुळे लवकरच प्रबंध देऊन निघून जाणाऱ्याच्या नावावर ग्रुप नको. ग्रुप खासगीच ठेवा. कोणीही येऊन सामील व्हावं असा खुला ग्रुप केलात तर झोटेरो त्यात फाइली ठेवूच देत नाही, नुसत्या नोंदी राहतात. अर्थात खासगी ग्रुप म्हणजे प्रकाशकाची पीडीएफ वाटायचा परवाना नव्हे. तुमच्या संस्थेच्या वर्गणीच्या अटी एकदा वाचाच.

बदल करण्याचा अधिकार सगळ्या सदस्यांना द्यायचा की फक्त ॲडमिनना, हेही आत्ताच ठरवा. एखादा लेख नुसता एका कलेक्शनमधून (म्हणजे लायब्ररीतल्या फोल्डरमधून) काढला तर तो लायब्ररीत राहतो. लायब्ररीतूनच काढला तर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून जातो. हा फरक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवा.

बहुतेकांची गाडी अडते ती प्रतींपाशी. आपल्या लायब्ररीतून ग्रुपमध्ये ओढून टाकलेला लेख ही स्वतंत्र प्रत असते. आपल्याकडे लेखकाचं आडनाव दुरुस्त केलं तरी ग्रुपमध्ये चूक तशीच राहते. म्हणून दुरुस्ती ग्रुपमध्येच करायची आणि एकत्र लिहायच्या मसुद्यात संदर्भही ग्रुपमधूनच घालायचे, हे कडकपणे पाळा. नाहीतर दोघांनी आपापल्या लायब्ररीतून एकच लेख घातला, की संदर्भसूचीत तो २०१९अ आणि २०१९ब असा दोनदा उगवतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री कोणीतरी ते निस्तरत बसतं.

नोंद शक्यतो डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) देऊन आणा. जुन्या स्कॅन केलेल्या लेखातला मजकूर झोटेरोला वाचता येत नाही, त्याची माहिती हातानेच भरावी लागते. डीओआयवरून आलेली नोंदही डोळे झाकून घेऊ नका: शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आलंय का, नाव-आडनावाची अदलाबदल झालीय का, प्रीप्रिंट (छापण्याआधी ऑनलाइन टाकलेली प्रत) आणि छापील लेख अशा दोन नोंदी पडल्यात का, एवढं बघा. मागे घेतलेल्या लेखांवर झोटेरो स्वतःच इशारा देतं. तो दिसला तर दुर्लक्ष करू नका.

टॅगची छोटी यादी एका नोटमध्ये लिहून ठेवा. 'वाचला' असा टॅग सामाईक लायब्ररीत निरुपयोगी, कारण कोणी वाचला ते कळत नाही. सोबत आद्याक्षरं जोडा. 'महत्त्वाचा' तर मुळीच नको, आठवडाभरात सगळेच लेख महत्त्वाचे होतात.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण पुसलेलंही सिंक होतं. दर महिन्याला फाइलींसकट एक्सपोर्ट कोण घेणार, त्याचं नाव लिहा.

सगळ्यांना निमंत्रण पाठवण्याआधी दहा-पंधरा लेख टाकून दोघांनी दोन कॉम्प्युटरवर तीच वर्ड फाइल उघडा, प्रत्येकी दोन-तीन संदर्भ घाला आणि संदर्भसूची दोन्हीकडे सारखी येते का ते तपासा.