अंग बाहेर येतंय? मग या चुका टाळा

माझी मावशी चार वर्षं गप्प होती. लघवीला बसली की आधी योनीतून बाहेर आलेला गोळा बोटानं आत ढकलायचा तेव्हा कुठे लघवी सुटायची, आणि घरात कोणालाच पत्ता नाही, मे महिन्यात कूलरमध्ये बादल्या ओतता ओतता ती मटकन खाली बसली तेव्हा आम्हाला कळलं. सगळ्यात मोठी चूक हीच, लपवणं. "बाईच्या जातीला चालायचंच" म्हणू नका, नागपुरातलं मेडिकल, मेयो, डागा, कुठल्याही दवाखान्यात बायकांच्या ओपीडीत हे नेहमीचंच दुखणं आहे.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, गर्भपिशवी आणि लघवीची पिशवी तिच्यावर टेकलेली. नॉर्मल डिलिव्हरीत ती ताणली जाते, पाळी गेल्यावर अजून सैल पडते, त्यात जुना खोकला, संडासला कुंथणं, वजन उचलणं, मग या पिशव्या योनीतून खाली उतरतात, हेच अंग बाहेर येणं. ओल्या बाळंतिणीला पाण्याचे गुंड उचलायला लावणाऱ्या घरांना हात जोडून सांगते, नका करू बाप्पा असं. मावशीच्या कूलरला आम्ही पाइप जोडला.

मग व्यायाम. या झोळीच्या व्यायामाला केगल म्हणतात, तो म्हणजे पोट आत ओढणं नाही, श्वास कोंडणं तर नाहीच. गॅस अडवतो तसं खालून वर आवळायचं, पाच सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, असं दहादा, दिवसातून तीन वेळा. मावशीनं आठ दिवसांत सोडलं, फरकच नाही पडून राहिला म्हणे, अवं तीन-चार महिने लागतात! लघवी मधेच अडवून रोज सराव करू नका, लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. आणि अंग पूर्ण बाहेर आलं असेल तर नुसत्या व्यायामानं ते आत जात नाही हेही खरं.

"गर्भपिशवी काढली की सुटलो" हा मोठा गैरसमज. पिशवी गेली तरी झोळी सैलच राहते, मागाहून योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो, म्हणून डॉक्टरला विचारा, आधार पण शिवणार ना? मूल हवं असेल तर पिशवी ठेवून वर टांगायचं ऑपरेशन होतं, मुंबईच्या डॉ. शिरोडकरांची स्लिंग त्यातलीच. ऑपरेशन नको असेल तर रिंग पेसरी, म्हणजे योनीत बसवायची आधाराची कडी, मावशीला तीच बसवली. फक्त बसवून विसरायचं नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा काढून धुवून तपासून घ्यायची, नाहीतर आत जखम होते.

लघवी अजिबात उतरत नसेल तर रात्र असली तरी निघा. बाहेरच्या भागावर जखम दिसली किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं तर दुसऱ्याच दिवशी ओपीडी गाठा.