ट्रान्सप्लांटनंतर मेडिक्लेम घेताय? या चुका टाळा

किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या घरातून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता कुठली पॉलिसी घेऊ?" मी आधी विचारतो, आत्ता कुठली चालू आहे? ऑपरेशनच्या आधीपासून खंड न पडता चालत आलेली पॉलिसी अशा पेशंटसाठी बाजारातल्या कुठल्याही नव्या पॉलिसीपेक्षा मोलाची असते. लोक नेमकी तीच सोडतात आणि मग नवी मिळावी म्हणून फॉर्मवर खोटं लिहितात. क्लेमची कामं करून माझं मत पक्कं झालंय: बाकीच्या चुका निस्तरता येतात, या दोन सहसा येत नाहीत.

जुनी पॉलिसी हातची घालवणं

कारणं तीच ती. हप्ता वाढला. एवढा मोठा क्लेम घेतला, आता कंपनी पुढच्या वर्षी काढूनच टाकेल. यातलं दुसरं तर साफ चूक आहे. आधी क्लेम घेतला म्हणून रिन्युअल नाकारायचं नाही, हा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे.

नव्या पॉलिसीत मात्र आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत वेटिंग पिरियड लावता येतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. १ एप्रिल २०२४ च्या आधी ही मर्यादा ४८ महिने होती. शिवाय त्या कलमात आजाराबरोबर त्याची थेट गुंतागुंतही येते, हे कोणी वाचत नाही. ट्रान्सप्लांटचा पेशंट प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत असतो. त्याला न्यूमोनिया झाला, सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग झाला, स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस या त्याच औषधांमुळे मधुमेह सुरू झाला, तरी कंपनी ते ट्रान्सप्लांटच्याच खात्यात टाकू पाहते. म्हणजे हा माणूस ज्या कारणांनी ॲडमिट होण्याची भीती जास्त, तीच तीन वर्षं वादात. तेही पॉलिसी मिळाली तर. प्रस्तावच नाकारणाऱ्या कंपन्या आहेत.

पोर्ट करायचं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, असेल तर रिन्युअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. नवी कंपनी तो नाकारू शकते, म्हणून तिचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नका. नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम असेल तर राजीनामा देण्याआधी एचआरला आणि विमा कंपनीला ईमेल करून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागा. मंजुरी त्यांच्या हातात असते, पण मिळाली तर ग्रुपमध्ये काढलेला काळ वेटिंग पिरियडमधून वजा होतो.

वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांचा ग्रेस पिरियड (हप्ता भरायची जादा सवड) मिळतो, त्यावर विसंबू नका. मुदत संपल्यावर आणि हप्ता भरण्याआधी ॲडमिट झालात तर तो खर्च तुमचा. माझ्याकडच्या पेशंटना मी रिन्युअलची तारीख औषधांच्या डब्याच्या झाकणावर लिहायला लावतो. तो डबा रोज उघडला जातो.

ट्रान्सप्लांट लपवणं

चाळिशीतला एक गृहस्थ. आईने किडनी दिलेली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) व्यवस्थित. नोकरी बदलली, नव्या ठिकाणी ग्रुप मेडिक्लेम नव्हता. जुन्या ठिकाणी मायग्रेशन मागायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नाही. एका एजंटाने ऑनलाइन फॉर्म भरून दिला आणि आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' लिहिलं. वर सांगितलं, "साहेब, तीन वर्षं गप्प बसा, मग विषय संपला."

वर्षाच्या आतच डेंगी झाला. प्लेटलेट घसरल्या, ॲडमिट केलं, कॅशलेसचा अर्ज गेला. डेंगीचा किडनीशी काय संबंध, म्हणून घरचे निर्धास्त होते. पण केसपेपरच्या पहिल्याच ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं: किडनी ट्रान्सप्लांट झालेला पेशंट, टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट (तेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू. डॉक्टरांना ते लिहावंच लागतं, नाहीतर न चालणारं औषध दिलं जाऊन बसवलेली किडनी धोक्यात येते. कंपनीने कॅशलेस नाकारलं, जुने कागद मागवले आणि माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द केली.

त्याची बायको फाईल घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, डेंगी तर कुणालाही होतो ना?" होतो. खरं लिहून घेतलेली पॉलिसी असती तर डेंगीचा क्लेम वेटिंग पिरियडमध्येही मागता आला असता, आणि मी तो शेवटपर्यंत लढवला असता. इथे लढायला पॉलिसीच उरली नव्हती. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पुढच्या प्रस्तावाच्या फॉर्मवर विचारतात, याआधी कुठल्या कंपनीने तुमचा प्रस्ताव नाकारला किंवा पॉलिसी रद्द केली का? त्याला आता 'हो' लिहावं लागतं.

असा सल्ला देणाऱ्यांचा मला संताप येतो. त्यांचं कमिशन पॉलिसी निघाल्यावर जमा होतं, क्लेमच्या दिवशी ते फोन उचलत नाहीत. हल्ली ते मोरेटोरियमचा दाखला देतात. सलग ६० महिने पॉलिसी चालली की लपवलेल्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण सिद्ध झालेली फसवणूक त्या सवलतीत येत नाही, आणि ट्रान्सप्लांट लिहायचं विसरलो असं कोणाला म्हणता येईल? शिवाय ती पाच वर्षं एकदाही ॲडमिट न होता काढायची असतात.

फॉर्म भरताना डिस्चार्ज समरी शेजारी ठेवा. ऑपरेशनची तारीख, औषधं आणि डोस, ताजं क्रिएटिनिन किंवा लिव्हरचे रिपोर्ट, सगळं स्वतः लिहा, एजंटाला लिहू देऊ नका. पॉलिसी आली की सोबत आलेली फॉर्मची प्रत वाचा. पॉलिसीचे कागदही वाचा, एखादा आजार कायमचा वगळला असेल तर तो तिथेच कळतो. पटलं नाही तर ३० दिवसांच्या फ्री लुक काळात परत करता येते. दहा मिनिटांत पॉलिसी हवी असणाऱ्यांना हे जड जातं, पण दहा मिनिटांत घेतलेल्या पॉलिसीचेच कागद माझ्याकडे जास्त येतात.

बाकीच्या चुका

रोजची औषधं मेडिक्लेममध्ये येतील असं धरून चालू नका. डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवस, काही पॉलिसींत १८०, एवढाच काळ ती मिळतात. पुढे टॅक्रोलिमस आणि त्याच्या लेव्हलची तपासणी हा ओपीडीचा खर्च होतो. त्याची महिन्याची रक्कम वेगळी बाजूला काढा.

किडनी बायॉप्सीचा क्लेम अडकतो, कारण फक्त तपासणीसाठी ॲडमिट झाल्यास खर्च न देण्याचं कलम असतं. रिजेक्शनचा (शरीर नवी किडनी नाकारत असल्याचा) संशय होता, क्रिएटिनिन इतकं वाढलं होतं, मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं, हे जसं घडलं तसं डिस्चार्ज समरीत आलंय का ते घरी जाण्याआधी बघा.

रूम रेंटची मर्यादा ५,००० आणि खोली १०,००० ची घेतली, तर डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी कपात नियमाने करता येत नाही. केली असेल तर भांडा.

सम इन्शुअर्ड (विम्याची रक्कम) वाढवली तर वाढीव रकमेला वेटिंग पिरियड नव्याने लागतो. सुपर टॉप-अपलाही (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणाऱ्या जादा पॉलिसीला) स्वतःचा वेटिंग पिरियड असतो.

किडनी देणाऱ्या आईने किंवा भावानेही स्वतःच्या नव्या फॉर्मवर ते ऑपरेशन लिहायचं.

जुनी पॉलिसीच नसेल तर आधी जोडीदाराच्या नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम बघा. तिथे आधीपासूनचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. घरातला पेशंट ७० किंवा त्यापुढचा असेल तर आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट नाही, वेटिंग पिरियड नाही आणि घरातल्या ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही तपासा.

क्लेम नाकारला तर फोनवर वाद घालत बसू नका. कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि मुंबई व पुण्यात कार्यालयं आहेत. अर्जाला प्रस्ताव फॉर्मची प्रत, डिस्चार्ज समरी आणि नकाराचं पत्र जोडा.