क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटला अर्ज करताय? डिसेंबरच्या आत काय काय तयार हवं

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरल प्रोग्रॅम्सची डेडलाइन बहुतेक ठिकाणी १ डिसेंबरच्या आगेमागे असते, आणि लोक सप्टेंबरमध्ये जागे होऊन पहिला प्रश्न विचारतात की जीआरई या प्रवेशपरीक्षेला किती स्कोअर लागतो. तो प्रश्न यादीत बराच खाली येतो. त्याच्या वर काय काय येतं ते सांगते, क्रमाने सांगायचा प्रयत्न करते पण मध्येच भरकटेन, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्हाला ही डिग्री खरंच हवीये का. लोकांसमोर बसून थेरपी करायची एवढंच डोक्यात असेल तर सोशल वर्क, काउन्सेलिंग किंवा मॅरेज अँड फॅमिली थेरपीमधली मास्टर्स दोन-तीन वर्षांत होते, नंतर सुपरव्हिजनखालचे तास भरून लायसन्स मिळतं आणि थेरपी करता येते. डॉक्टरेटला पाच ते सात वर्षं जातात, त्यात शेवटी एक वर्षाची फुल-टाइम इंटर्नशिप, आणि ती मिळवायला परत वेगळा अर्ज, वेगळे इंटरव्ह्यू, वेगळी मॅचिंगची भानगड (विद्यार्थी आणि इंटर्नशिपची ठिकाणं यांच्या पसंतीक्रमावरून जोड्या लावतात ती). एवढं सगळं कशासाठी तर सायकॉलॉजिस्ट म्हणून लायसन्स, सायकॉलॉजिकल टेस्टिंग, रिसर्च, शिकवणं, सुपरव्हिजन करणं, असल्या गोष्टींसाठी. यातलं काहीच नको असेल तर हे वाचणं इथेच थांबवा, मला अजिबात राग येणार नाही, उलट तुमची चार-पाच वर्षं वाचली याचा आनंदच होईल.

बरं, हवीये. मग पीएचडी की सायडी (PsyD, म्हणजे डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी)? १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला परिषद झाली आणि सायंटिस्ट-प्रॅक्टिशनर मॉडेल ठरलं, म्हणजे माणूस रिसर्चही करणार आणि पेशंटही बघणार. पुढे १९७३ ला व्हेलच्या परिषदेत प्रॅक्टिसवर भर देणाऱ्या सायडीला मान्यता मिळाली. हा इतिहास कोणी इंटरव्ह्यूत विचारणार नाही, पण प्रोग्रॅमच्या वेबसाइटवर कुठलं मॉडेल लिहिलंय त्यावरून त्यांना तुमच्यात काय बघायचंय हे कळतं. रिसर्चवाल्या बहुतेक पीएचडीत फी माफ असते आणि टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपच्या बदल्यात स्टायपेंड मिळतो. सायडीत बऱ्याच ठिकाणी फी स्वतःच्या खिशातून, म्हणजे शेवटी डोक्यावर मोठं कर्ज. सगळीकडे असंच असतं असं नाही, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमचं वेगळं बघा. आणि काउन्सेलिंग सायकॉलॉजीची पीएचडी लोक उगाच विसरतात, तीसुद्धा एपीए-ॲक्रेडिटेड (म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेली) असते, लायसन्सही तेच मिळतं.

ॲक्रेडिटेशनचा विषय निघालाच आहे तर, एपीए-ॲक्रेडिटेड प्रत्येक डॉक्टरल प्रोग्रॅमला आपला डेटा वेबसाइटवर जाहीर करावा लागतो. त्या पानाचं नाव साधारण 'स्टुडंट ॲडमिशन्स, आउटकम्स अँड अदर डेटा' असं असतं आणि बऱ्याचदा तळाशी कुठेतरी दडवलेलं असतं. किती जणांनी अर्ज केला, किती जणांना घेतलं, डिग्रीला सरासरी किती वर्षं लागली, किती जण मध्येच सोडून गेले, इंटर्नशिप किती टक्क्यांना मिळाली, किती जणांना लायसन्स मिळालं, खर्च किती, सगळं तिथे आहे. रँकिंग बघण्याआधी हे बघा. दरवर्षी दोन-तीन जण सोडून जातायत असं दिसलं तर तिथे काहीतरी शिजतंय, वेबसाइटवर हसऱ्या चेहऱ्यांचे कितीही फोटो असोत.

आता खरा मुद्दा. बहुतेक पीएचडी प्रोग्रॅममध्ये तुम्हाला युनिव्हर्सिटी घेत नाही, एक प्रोफेसर घेतो. तो किंवा ती आपल्या लॅबसाठी वर्षाला एखादा विद्यार्थी घेणार, कधी तोही नाही, आणि पुढची पाच-सहा वर्षं तुम्ही त्याच माणसाच्या हाताखाली. त्यामुळे नुसती युनिव्हर्सिटींची यादी करून काही उपयोग नाही, माणसांची यादी करा. एक शीट उघडा, प्रोफेसरचं नाव, विषय, गेल्या तीन वर्षांतले पेपर, पेपरवर विद्यार्थ्यांची नावं पहिली येतात का, या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का, डेडलाइन, फी, काय काय पाठवायचंय, असे कॉलम करा. बहुतेक लोक दहा-पंधरा ठिकाणी अर्ज करतात. प्रोफेसरची ग्रँट, म्हणजे रिसर्चचा निधी, चालू आहे का हे बघायला एनआयएचचा (अमेरिकन सरकारची आरोग्य-संशोधन संस्था) रिपोर्टर नावाचा डेटाबेस सगळ्यांना फुकट उघडा आहे, प्रोफेसरचं नाव टाका, प्रोजेक्ट कधी संपतोय तेही कळतं. फार कमी लोक बघतात, तुम्ही बघा.

आणि त्याआधी तुमचा स्वतःचा प्रश्न नीट घासून घ्या. 'मला डिप्रेशनमध्ये इंटरेस्ट आहे' हे इतकं मोघम आहे की त्यावर कोणी काही बोलूच शकत नाही. 'किशोरवयीन मुलांची झोप बिघडणं आणि आत्महत्येचे विचार यांचा एकमेकांशी काय संबंध असतो' हे कसं, लगेच कळतं की कुणाच्या लॅबमध्ये बसेल आणि कुणाच्या नाही. फार बारीकही नको, नाहीतर देशभरात एकच माणूस सापडायचा आणि तो नेमका त्या वर्षी कोणाला घेत नसायचा. प्रश्न तयार झाला की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रोफेसरला छोटासा ईमेल, पाच-सहा ओळींचा, तुम्ही कोण, कशावर काम केलंय, त्यांच्या कुठल्या कामाशी जुळतंय, आणि या वर्षीच्या प्रवेशाला विद्यार्थी घेताय का. आधी लॅबचं पान बघा, तिथे ठळक अक्षरात उत्तर असताना विचारलंत तर कसं दिसेल. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, काही जण नियमच ठेवतात की अर्जाआधी कुणाशीच बोलायचं नाही.

रिसर्चचा अनुभव हा दुसरा मोठा खांब, आणि हा दोन महिन्यांत उभा राहत नाही. म्हणून बरेच जण कॉलेज संपल्यावर एखाद्या लॅबमध्ये दोनेक वर्षं फुल-टाइम रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम करतात आणि मग अर्ज करतात. पार्टिसिपंट्सना फोन करणं, कन्सेंट घेणं, स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू शिकणं, रेडकॅप या सॉफ्टवेअरमध्ये डेटा भरणं, आर किंवा एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये तो साफ करणं, सगळं चालतं. पण नुसतं 'डेटा एंट्री केली' म्हणून भागत नाही, त्या स्टडीचा प्रश्न काय होता, ती तशीच का डिझाइन केली, काय निघालं आणि तुम्हाला त्यात काय खटकलं, हे बोलता आलं पाहिजे. एखाद्या कॉन्फरन्समध्ये तुमच्या रिसर्चचा पोस्टर झाला असेल तर उत्तम. क्रायसिस लाइनवर व्हॉलंटिअर केलं असेल तर तेही चांगलं, लोकांच्या त्रासाजवळ बसायची सवय आहे हे दिसतं. पण थेरपीचा अनुभव तुमच्याकडून कोणी मागत नाही, तो शिकवायलाच तर प्रोग्रॅम आहे.

रेकमेंडेशन लेटर्स तीन. त्यातली निदान दोन तरी तुम्हाला रिसर्च करताना जवळून पाहिलेल्या माणसांची हवीत. 'वर्गात पहिली आली' एवढंच माहीत असलेल्या प्रोफेसरचं पत्र कितीही गोड असलं तरी पोकळ वाटतं. सप्टेंबरपर्यंत विचारा आणि विचारताना स्पष्ट विचारा की चांगलं भक्कम पत्र देता येईल का, कोणी आढेवेढे घेतले तर आभार मानून दुसरीकडे वळा. हो म्हणाले की एकाच ईमेलमध्ये सीव्ही, एसओपीचा (स्टेटमेंट ऑफ पर्पज, अर्जासोबत लिहायचं निवेदन) कच्चा मसुदा, सगळ्या डेडलाइन्सचा तक्ता आणि तुम्ही त्यांच्यासोबत काय काय केलं याची आठवण करून देणारे चार मुद्दे पाठवून द्या, लोक विसरतात हो. फॉर्मवर पत्र बघायचा हक्क सोडता का असं विचारतात, तिथे हो म्हणा, नाहीतर कमिटी त्या पत्राला फारसं वजन देत नाही. आणि स्वतःच्या थेरपिस्टकडून पत्र घ्यायचं नाही, अजिबात नाही.

एसओपीबद्दल जरा जास्त बोलते कारण इथेच चांगले अर्ज पडतात. २००६ मध्ये ड्रू ॲपलबी आणि कॅरन ॲपलबी यांनी सायकॉलॉजीच्या ॲडमिशन कमिट्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं की कशामुळे अर्ज हातचा जातो. त्यात नुकसान करणारी पर्सनल स्टेटमेंट्स, हानिकारक पत्रं, प्रोग्रॅमची माहितीच नसणं, वाईट लिखाण आणि छाप पाडायचे फसलेले प्रयत्न हे सगळं आलं. स्टेटमेंटमध्ये स्वतःच्या मानसिक आजाराची सविस्तर कहाणी सांगणं त्यातलंच एक. आता ज्या क्षेत्राचं कामच मानसिक त्रास समजून घेण्याचं त्यांनी असं वागावं हे मला अजूनही खटकतं, पण अर्ज करताना वास्तव धरून चालावं लागतं. अनुभवामुळे विषयाकडे वळलात असं एका ओळीत सांगता येतं, बाकी जागा रिसर्चला द्या. साधारण दोन पानं, प्रश्न काय, आजवर काय केलं, पुढे काय करायचंय, आणि शेवटचा परिच्छेद त्या त्या लॅबसाठी नव्याने लिहिलेला. एका युनिव्हर्सिटीच्या एसओपीत दुसरीचं नाव राहत नाही ना हे पाठवण्याआधी मोठ्याने वाचून बघा.

जीआरई. २०२० नंतर बऱ्याच प्रोग्रॅम्सनी काढून टाकली, काहींनी ऐच्छिक ठेवली, त्यामुळे शीटमध्ये एक कॉलम त्याचाही. स्कोअर पाच वर्षं चालतो. ट्रान्स्क्रिप्ट्स आधीच मागवा, अर्जाची फी माफ होते का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळते.

अमेरिकेचे नागरिक नसाल तर टोफेल वगैरे इंग्रजीच्या परीक्षांशिवाय अजून दोन गोष्टी बघून ठेवा. व्हेटरन्स अफेअर्सच्या (माजी सैनिकांसाठीचं सरकारी खातं) हॉस्पिटल्समधल्या इंटर्नशिपला अमेरिकन नागरिकत्व लागतं, आणि इंटर्नशिपच्या जागांमधला तो मोठा हिस्सा आहे. एनआयएचची एफ३१ ही डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांसाठीची फेलोशिपसुद्धा नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. अडून राहत नाही, पण इंटरव्ह्यूत सरळ विचारा की तुमच्याकडचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी इंटर्नशिपला कुठे गेले.

इंटरव्ह्यू जानेवारी-फेब्रुवारीत, काही ऑनलाइन, काही कॅम्पसवर. स्वतःचा रिसर्च दोन मिनिटांत सांगता यायला हवा, शेजारच्या काकूंनाही कळेल असा. सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायला वेळ देतात, तिथे स्टायपेंडमध्ये भागतं का, ॲडव्हायझर ड्राफ्ट किती दिवसांनी परत करतात, सुट्टी घेतली तर काय होतं, हे विचारा. गप्पा मारतोय असं वाटून तिथे कोणाची उणीदुणी काढू नका, ते विद्यार्थी नंतर आपलं मत कळवतात.

ऑफर आली की १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ असतो, ही तारीख बहुतेक युनिव्हर्सिटी पाळतात. हातात दोन ऑफर्स असतील आणि एक नकोच असेल तर लगेच कळवून टाका, मागे वेटलिस्टवर कोणीतरी फोन उशाशी घेऊन झोपतंय. सगळीकडून नाही आलं तर ज्या प्रोफेसरशी इंटरव्ह्यू झाला त्यांना एक छोटा ईमेल करून विचारा की अर्जात काय कमी पडलं, काही जण खरंच सांगतात, आणि लॅबमधल्या नोकऱ्यांच्या जाहिराती साधारण त्याच सुमाराला निघायला लागतात, तेव्हा एप्रिलमध्येच सीव्ही अपडेट करून ठेवा.