आयसीयूनंतर व्हीआरच्या मदतीने पेशंटला चालतं करताना या चुका टाळा

दोन-तीन आठवडे व्हेंटिलेटरवर काढलेला माणूस शुद्धीवर येतो, नळ्या निघतात, घरच्यांच्या जिवात जीव येतो. आणि मग कळतं की त्याला पलंगाच्या कडेवर आधाराशिवाय बसताही येत नाही. हा आळस नाही की मनाचा कच्चेपणा नाही. २०१३ साली लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने मोजला गेला. दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी कमी झालं होतं. त्यात सेप्सिस, म्हणजे शरीरभर भिनलेला जंतुसंसर्ग, झाला असेल तर हातापायांच्या नसाही दुखावतात. असा माणूस पुन्हा उभा राहतो तो रोजच्या, कंटाळवाण्या, दमवणाऱ्या सरावाने. व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवरच्या हेडसेटमध्ये किंवा मोठ्या पडद्यावर दाखवलेल्या आभासी जगाचं, खरं काम इथेच आहे: तोच सराव पेशंटने जास्त वेळ आणि आपणहून करावा.

ठाणे-नवी मुंबईतले फिजिओ हेडसेट हाताळू लागले आहेत, आणि नातेवाईकही ऑनलाइन मागवून वॉर्डात घेऊन येतात. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. यातली पहिली चूक बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे, त्यामुळे तिच्यावर जास्त लिहितो.

हेडसेट घालून पेशंटला उभं करणं

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून खबर घेतं: तळपाय आणि सांधे, कानाच्या आतला तोलाचा भाग, आणि डोळे. आयसीयूतून आलेल्या पेशंटच्या तळपायांची संवेदना बऱ्याचदा मंदावलेली असते. त्याला आधीपासून मधुमेह असेल, आणि आपल्याकडे तो पुष्कळांना असतो, तर ती आणखी कमी. जेंटामायसिनसारखं औषध चाललेलं असेल तर कानातल्या तोलाच्या भागालाही इजा झालेली असू शकते. म्हणजे तिघांपैकी भरवशाचे उरले डोळे. आणि हेडसेट नेमके तेच झाकतो.

आतल्या चित्रात जमीन दिसते हे खरं, पण ती पेशंटच्या पायाखालची जमीन नसते. वॉकरचे पाय दिसत नाहीत, सलाइनची नळी दिसत नाही, आपलं पाऊल कुठे पडतंय तेही दिसत नाही. चित्र क्षणभर अडकलं किंवा हललं तरी शरीर ती खबर खरी मानून तोल सावरायला जातं आणि उलट्याच बाजूला झुकतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. हेडसेट वापरायचा तो पडून किंवा बसून. उभं राहण्याचा आणि चालण्याचा सराव समोरच्या मोठ्या पडद्यावर, म्हणजे पेशंटला पडदाही दिसतो आणि आपले पायही. नेदरलँड्समध्ये तयार होणाऱ्या मोठ्या यंत्रणांमध्येही ट्रेडमिलसमोर अर्धवर्तुळाकार पडदा असतो आणि पेशंटला वरून हार्नेसने, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांनी, धरलेलं असतं. आपल्याकडे एवढी यंत्रणा नसली तरी भिंतीवरचा टीव्ही, साधी ट्रेडमिल किंवा पॅरलल बार (दोन्ही बाजूंना धरायचे आडवे दांडे) आणि पेशंटला धरायला कमरेचा पट्टा एवढ्यावर बरंच काम होतं.

उभ्याने हेडसेट द्यायचाच असेल, तर आधी पॅरलल बारमध्ये दोन माणसं शेजारी ठेवून पेशंटला पाय जुळवून उभं करा आणि डोळे मिटायला सांगा. अर्ध्या मिनिटात तो डगमगला तर प्रश्नच मिटला: त्याला उभ्याने हेडसेट नाही. डगमगला नाही, तरीही बाहेरची खरी खोली कॅमेऱ्यातून दाखवणारा मोडच लावा. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये ती खोली रंगीत दिसते, क्वेस्ट २ मध्ये काळी-पांढरी. पट्टा धरणारा माणूस मात्र एक क्षणही हात सोडणार नाही.

मोबाइल आत सरकवून वापरायचे स्वस्त डबे घरचे लोक हौसेने आणतात. त्यांना फक्त डोकं कुठे वळलं तेवढं कळतं. शरीर पुढे झुकलं किंवा बाजूला सरकलं तर चित्र जागचं हलत नाही. असे डबे बसून व्हिडिओ बघायला ठीक आहेत; उभ्याने कधीच वापरू नका.

घाई

लवकर हलवलं तर लवकर बरं होतं, हे अर्धं खरं आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवून व्यायाम सुरू केलेल्या पेशंटपैकी ५९ टक्के लोक रुग्णालयातून निघताना स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होतं. पण २०२२ मध्ये ७५० पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीत हालचालीचा डोस नेहमीपेक्षा वाढवला, तेव्हा जास्तीचा फायदा दिसला नाही आणि त्रासाचे प्रसंग मात्र वाढले. डोस पेशंट बघून ठरतो. हेडसेट नवा आहे, घरचे बघायला जमले आहेत, या कारणांनी नाही.

सुरू करण्याआधी हातापायांच्या सहा हालचालींची ताकद दोन्ही बाजूंना मोजा, प्रत्येकीला ० ते ५ गुण. एकूण गुण ६० पैकी ४८ च्या खाली असतील तर ही आयसीयूतली कमजोरी धरतात, आणि मग आधी बसण्याचा तोल, नंतर बाकी सगळं. बसतं केल्यावर आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी बघा. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर त्या दिवशी हेडसेट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारा. पेशंटचं वजन बरंच उतरलेलं असतं आणि गोळ्या जुन्याच मापाने सुरू झालेल्या असू शकतात.

भ्रमात असलेल्या पेशंटला हेडसेट देऊ नका. ज्याला आधीच भिंतीवर माणसं चालताना दिसताहेत, त्याला दुसरं खोटं जग दाखवणं क्रूर आहे. "कुठे आहात, आज वार कोणता, घरी कोण कोण आहे" एवढं रोज विचारा. उत्तरं दोन दिवस सलग जुळली की मग विचार करा. फिट येण्याचा इतिहास असेल, पेसमेकर असेल, किंवा म्युकरसारख्या आजारासाठी चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट चेहऱ्याजवळही नेऊ नका. नाकातून अन्नाची नळी असेल तर हेडसेटच्या पट्ट्याने ती दाबली जाते, हे गडबडीत हमखास सुटतं.

मळमळ, घाम, जांभया

सगळ्यात जास्त तक्रार हीच येते. डोळे म्हणतात आपण चाललो, कान म्हणतात आपण बसलोय, आणि पोट ढवळून येतं. त्यामुळे बसलेल्या पेशंटला झाडीतून पळवणारी, बोटीत झुलवणारी दृश्यं देऊ नका. दृश्य स्थिर असावं, हालचाल पेशंटच्या डोक्याने आणि हातांनी व्हावी. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे.

उलटी होण्याच्या आधी शरीर सांगतं: चेहरा उतरतो, कपाळावर घाम येतो, सारख्या जांभया येतात, माणूस बोलायचा थांबतो. यातलं एक जरी दिसलं तरी हेडसेट काढा. "अजून एक मिनिट फक्त" असं म्हणू नका, कारण एकदा ढवळलं की तासभर राहतं आणि दुसऱ्या दिवशी पेशंट हेडसेट बघूनच मान फिरवतो. मधुमेह असेल तर अशा वेळी साखरही तपासा. घाम दोन्हींतही येतो. काढल्यावर लगेच उभं करायचं नाही, निदान पाच मिनिटं बसू द्या.

ट्रेडमिल आणि पडदा वापरताना एक बारीक गोष्ट आहे. पडद्यावरचा रस्ता ट्रेडमिलच्या पट्ट्यापेक्षा जोरात मागे सरकत असेल तर माणसाला आपण फार वेगात आहोत असं वाटतं आणि तो पावलं आखडती घेतो. पेशंट विनाकारण मंदावला तर पायांना दोष देण्याआधी हे जुळवा.

यंत्राच्या तक्रारी

चित्र थरथरतं किंवा जागा सोडून सरकतं: हेडसेट बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोली ओळखतो. पांढरी कोरी भिंत, हलणारा पडदा, मोठा आरसा, अंधार यांनी तो गोंधळतो. भिंतीवर दोन-चार रंगीत तक्ते लावले तरी फरक पडतो. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लटपटत असेल तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ करा. परदेशातून कुणी आणून दिलेल्या हेडसेटमध्ये ती ६० वर असू शकते. आपल्याकडची वीज ५० ची.

काचा धुरकट होतात: पावसाळ्यात एसी वॉर्डातून दमट कॉरिडॉरमध्ये आलं की होणारच. हेडसेट सुरू करून थोडा वेळ तसाच ठेवा, मग घाला. काच फक्त कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा, स्पिरिट लावू नका. आणि पश्चिमेच्या खिडकीत कधीही ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की आतला स्क्रीन कायमचा जळतो.

चित्र अंधूक, डोकं दुखतं: डोळ्यांमधलं अंतर जुळलेलं नसतं. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत, तिन्ही लावून बघा. चष्मा घरी राहिला असेल तर आधी तो मागवा.

मान गळते: हेडसेट अर्धा किलोचा, आणि मानेचे स्नायूही पायांसारखेच झिजलेले असतात. पलंगाची पाठ वर करून डोकं टेकवून द्या आणि अ‍ॅप पडून वापरता येणारंच निवडा, नाहीतर पेशंटला नुसतं छत दिसेल.

पेशंट काय बघतोय ते आपल्याला दिसत नाही: चित्र मोबाइलवर घ्या. रुग्णालयाचं वायफाय लॉगिन मागत असेल तर ते बहुधा जुळत नाही. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा.

हेडसेटचा चेहऱ्याला टेकणारा फोम एका पेशंटचा दुसऱ्याला लावू नका. सिलिकॉनचं कव्हर घ्या, दर वेळी पुसा. आयसोलेशनमधल्या पेशंटचा हेडसेट त्याच्याच खोलीत राहील.

सगळ्यांनी एकदम बोलणं

हेडसेट घातलेल्या माणसाला खोलीतलं काही दिसत नाही. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर तो दचकतो, आणि कमजोर माणसाला दचकणंही पाडू शकतं. आधी आवाज द्या, मग हात लावा. सूचना एकानेच द्यायच्या. त्याही घरी जसं बोलतात तशाच: "आजोबा, उजवा गुडघा उचला, अजून थोडा, हां, सोडा." शहापूर-मुरबाडकडून आलेल्या आजींना अ‍ॅपमधली इंग्रजी बाई काय सांगते ते समजत नाही, आणि त्या विचारतही नाहीत. अ‍ॅपचा आवाज बंद करा, स्वतः बोला. वॉर्डातल्या मावशी आणि मामांनाही हे सांगून ठेवा.

दृश्यंही ओळखीची असावीत. बर्फाच्या डोंगरापेक्षा ठाण्यातल्या तलावपाळीचा कट्टा, उपवन तलावावरची सकाळ यांत माणूस जास्त रमतो. ३६० अंशांचा कॅमेरा मिळाला तर स्वतः शूट करा. कॅमेरा स्टँडवर स्थिर हवा आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. उंच ठेवला तर पेशंटला आपण हवेत तरंगतोय असं वाटतं.

खेळातले गुण म्हणजे चालणं असं समजणं

"काल ४० फुगे फोडले, आज ६०," हे ऐकून घरचे खूश होतात, आणि व्हावंच. पण फुगे फोडता येणं वेगळं, संडासपर्यंत जाता येणं वेगळं. दर आठवड्याला हेडसेटशिवाय मोजा: खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला किती सेकंद लागले, एका मिनिटात किती वेळा उठता-बसता आलं, आणि जमू लागलं की तीस मीटरच्या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटांत किती अंतर झालं. हे आकडे हलत नसतील तर व्यायाम बदला.

याचीच दुसरी बाजू म्हणजे फिजिओच्या वेळेतून कापून व्हीआरला वेळ देणं. पक्षाघाताच्या पेशंटबद्दल २०१७ च्या कोक्रेन या संशोधन-संस्थेच्या आढाव्यात ७२ चाचण्या तपासल्या होत्या. हाताच्या कामासाठी नेहमीच्या व्यायामाच्या जागी व्हीआर दिलं तर विशेष फरक दिसला नाही. नेहमीच्या उपचारांवर जास्तीचं म्हणून दिलं तेव्हा फायदा दिसला. आयसीयूच्या पेशंटलाही मी हाच नियम लावतो. फिजिओचा वेळ तसाच राहील, व्हीआर दुपारी, पेशंट नुसता पडून असतो त्या वेळात. आणि जेवणात प्रथिनं पुरेशी नसतील तर दोन्ही वेळचा सराव वाया जातो. डाएटिशियनला विचारून अंडी, डाळ, पनीर, दही यांचं प्रमाण ठरवून घ्या. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना.

घरी गेल्यावर

सिडकोच्या जुन्या घरात पलंग, कपाट आणि वॉकर मावल्यावर हेडसेटला लागणारी साडेसहा फुटांची मोकळी चौकट उरत नाही. घरी हेडसेट फक्त खुर्चीत बसून, खुर्ची भिंतीला टेकवून, आणि शेजारी माणूस असतानाच. एकट्याने नाही.

जिना हेडसेटमध्ये किंवा पडद्यावर शिकता येत नाही. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याला डिस्चार्जच्या आधी खऱ्या पायऱ्यांवर न्यायलाच हवं. एक हात कठड्यावर, कमरेला पट्टा. चढताना जास्त ताकदीचा पाय आधी वर, उतरताना कमी ताकदीचा आधी खाली. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मग पुढची. आधार देणारा चढताना पेशंटच्या एक पायरी मागे, उतरताना एक पायरी पुढे, म्हणजे दोन्ही वेळा खालच्या बाजूला. प्रत्येक वळणावर एक खुर्ची आधीच ठेवून घ्या, आणि जिन्यातला दिवा लागतो की नाही ते घरच्यांना आदल्या दिवशी बघायला सांगा.