पीएचपीत क्लास तपासताना या चुका टाळा

रिव्ह्यूला आलेल्या कोडमध्ये 'मेथड_एक्झिस्ट्स' दिसलं की मी आधी ती ओळ गाठतो. क्लासमध्ये त्या नावाची मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) आहे, एवढंच हे फंक्शन सांगतं. ती पब्लिक (बाहेरून चालणारी) आहे की प्रायव्हेट (फक्त त्याच क्लासच्या आत चालणारी), याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तरी लोक त्यालाच पहारेकरी करतात.

एका ऑनलाइन दुकानाचा स्टॉक मधूनच शून्य व्हायचा. आधी डेटाबेसवर संशय, मग क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांवर. शेवटी ॲक्सेस लॉग उघडला. सर्च इंजिनचा बॉट एका जुन्या टेस्ट पानावरची लिंक धरून येत होता आणि लिंकच्या शेवटी होतं 'रीसेटस्टॉक'. बेस कंट्रोलर, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या सगळ्या क्लासचा मूळ क्लास, यूआरएलमधला शेवटचा शब्द उचलायचा, 'मेथड_एक्झिस्ट्स'ने तपासायचा आणि थेट कॉल करायचा. मेथड प्रोटेक्टेड, म्हणजे बाहेरच्या कोडला बंद, म्हणून टीम निर्धास्त. पण कॉल बेस क्लासच्या आतून होत होता आणि तिथून चाइल्ड क्लासची प्रोटेक्टेड मेथड बिनबोभाट चालते. मग कुणीतरी घाईने 'इज_कॉलेबल' टाकलं, जे मेथड कॉल करता येईल का ते सांगतं. उत्तर तेच आलं, कारण ते जिथून विचारलं तिथला स्कोप, म्हणजे तो कोड कुठल्या क्लासच्या आत आहे, ते बघतं. त्यात क्लासला '__कॉल' (नसलेल्या मेथडचा कॉल झेलणारी खास मेथड) असेल तर कुठल्याही नावाला ट्रू!

मी अशा जागी चालणाऱ्या ॲक्शन्सची यादी हाताने ॲरेत लिहितो. रिफ्लेक्शनने (कोडचीच माहिती कोडमधून काढायची सोय) मेथड पब्लिक आहे का ते कळतं, पण प्रत्येक पब्लिक मेथड यूआरएलवरून चालवायची नसते. पाच ओळींची यादी लिहायचा ज्याला कंटाळा, त्याने राउटिंगला (कुठल्या यूआरएलवर कुठला कोड चालेल ते ठरवण्याला) हात लावू नये, हे माझं ठाम मत.

प्रॉपर्टी, म्हणजे ऑब्जेक्टमधलं व्हेरिएबल, तपासणारी 'प्रॉपर्टी_एक्झिस्ट्स' आणि 'इसेट' एक नव्हेत. व्हॅल्यू नल (काहीच नाही) असली तर पहिलं ट्रू देतं, दुसरं फॉल्स.

'गेट_ऑब्जेक्ट_व्हार्स' ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टींची यादी देतं. त्यावर जेसन (डेटा पाठवायचा मजकूर-फॉरमॅट) उभारणाऱ्यांनो, तेही स्कोप बघतं. पेरेंटमधल्या मेथडने बोलावलं की चाइल्डच्या प्रायव्हेट प्रॉपर्टी यादीतून गळतात, एरर येत नाही. पीएचपी 7.4 पासून टाइप दिलेली पण व्हॅल्यू न भरलेली प्रॉपर्टीही गळते. मी प्रत्येक क्लासमध्ये 'टूॲरे', म्हणजे प्रॉपर्टी ॲरेत भरून देणारी मेथड, स्वतः लिहितो. टायपिंग वाढतं, वाढू दे.

ऑब्जेक्टच्या क्लासचं नाव देणाऱ्या 'गेट_क्लास'ला नल दिलं तर 7.2 च्या आधी, क्लासच्या आत असताना, त्याच क्लासचं नाव परत यायचं. रिकामा ऑब्जेक्ट लॉगमध्ये भलत्याच नावाने दिसायचा. 7.2 ने वॉर्निंग दिली, 8.0 ने टाइपएरर. अपग्रेडनंतर तो एरर आला की '@' (एरर लपवणारं चिन्ह) लावून दाबायला जाऊ नका, तो दबत नाही. नल कुठून आलं ते शोधा.

एक क्लास दुसऱ्याचा वारस आहे का ते तपासणारं 'इज_सबक्लास_ऑफ' त्याच क्लासला फॉल्स म्हणतं. तो क्लासही चालणार असेल तर 'इन्स्टन्सऑफ' वापरा.

'क्लास_एक्झिस्ट्स'ला स्ट्रिंगमध्ये नाव देताना नेमस्पेससकट (क्लासच्या नावाआधीचा गटाचा पत्ता) पूर्ण द्या, फाइलच्या वर नाव छोटं करायला लिहिलेलं 'यूझ' तिथे लागू होत नाही. इंटरफेस शोधत असाल तर 'इंटरफेस_एक्झिस्ट्स' वेगळं आहे. आणि दुसरा पॅरामीटर फॉल्स दिला नाही, तर ही नुसती चौकशी ऑटोलोडर (क्लासची फाइल आपोआप शोधणारा कोड) चालवून फाइलही लोड करते.