घड्याळातली नोंद डॉक्टरांच्या कामी कशी आणावी

अपस्मार (फिट येण्याचा आजार) किंवा नैराश्य असलेल्या माणसाच्या मनगटावर हालचाल नोंदवणारा घड्याळासारखा बँड बांधला की डॉक्टर रात्रंदिवस लक्ष ठेवतील, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात स्क्रीनसमोर कोणी बसलेलं नसतं. ओपीडीतल्या मोजक्या मिनिटांत तीन महिन्यांचे आलेख वाचणंही शक्य नसतं. म्हणून बँड घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा: या नोंदीवरून तुम्ही औषधाचं काय ठरवाल? उत्तर मिळालं नाही तर पैसे वाचवा.

अपस्मारात मनगटी उपकरण हातपाय ताठ होऊन झटके येणारी फिट पकडतं. नजर एका जागी खिळते आणि माणूस काही क्षण हरवतो, तशी फिट त्याला बहुधा कळत नाही. ती वहीतच लिहायची. पट्टा सैल असला की सेन्सर त्वचेपासून सुटतो. चार्जिंग संध्याकाळी, माणूस जागा आणि सोबत कोणी असताना करा. झोपेतली फिट सर्वांत धोक्याची, त्यामुळे रात्री बँड हातावरच हवा. इशारा ब्लूटूथने फोनमार्फत जातो. फोन दुसऱ्या खोलीत राहिला किंवा बॅटरी सेव्हरने ॲप बंद पाडलं, तर तो कोणालाच मिळत नाही. या ॲपपुरता बॅटरी सेव्हर बंद ठेवा. दात घासताना, कणीक मळतानाही खोटा इशारा वाजतो. तो पुसू नका, शेजारी कारण लिहा.

इशारा घरातल्या दोघांच्या फोनवर लावा. फिट आली की माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. झटके पाच मिनिटांपुढे गेले तर 108.

नैराश्यात पावलांच्या आकड्यावर विसंबू नका. पाऊस लागला तरी पावलं घटतात. दर पंधरा दिवसांनी पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा (गुण 0 ते 27). नवव्या, म्हणजे जीव नकोसा वाटण्याच्या प्रश्नाला 'अजिबात नाही' सोडून दुसरं उत्तर आलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

डॉक्टरांकडे नेताना एकच कागद: महिन्यागणिक फिट्स, सर्वांत लांबलेली किती मिनिटांची, चुकलेल्या गोळ्या, औषध बदलल्याच्या तारखा, आणि बँड हातात नव्हता ते दिवस. हा शेवटचा रकाना बहुतेकजण गाळतात. मग न मोजलेला आठवडा फिटविना गेलेला दिसतो, आणि त्या भरवशावर डोस कमी होऊ शकतो.

पेशंट सज्ञान असेल तर नोंदी कोणी पाहायच्या, हे त्यालाच ठरवू द्या. नाहीतर तो बँड काढून ठेवतो.